मीडिया रिॲक्टर घेताना या चुका टाळा, आणि कूलरचा पंप कूलरलाच राहू द्या

आमच्या दर्यापूरच्या नावात दर्या आहे, तेवढाच. खरा समुद्र पाहायचा तर मूर्तिजापूरहून रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तरी तालुक्यात समुद्री जीव पाळायला खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आम्ही चार-पाच जण झालो, आणि प्रत्येकाचा मीडिया रिॲक्टर, म्हणजे टाकीचं पाणी साफ करणारी नळी, एकदा तरी गळला. नवीन माणसाचा फोन आला की प्रश्न ठरलेला: "भाऊ, कोणत्या कंपनीचा घेऊ, म्हणजे गळणार नाही?"

कंपनी राहू द्या, आधी झाकण पाहा. रिॲक्टर म्हणजे ॲक्रिलिकची उभी नळी. पंप खालून पाणी ढकलतो, ते फॉस्फेट ओढणाऱ्या लोहाच्या दाण्यांतून (आम्ही जीएफओ म्हणतो) किंवा कार्बनमधून वर येतं आणि परत टाकीकडे जातं. दाब किती? छोट्या पंपाचं हेड, म्हणजे तो पाणी जेवढं उंच चढवतो ते, एक-दीड मीटर. दहा मीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब, म्हणजे इथं जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम. हरभऱ्यावरच्या स्प्रिंकलरला दोन-अडीच किलो लागतो. तेव्हा "प्रेशरनं गळला" हे मला सांगू नका. स्प्रिंकलरच्या जोडातलं रबर पाण्याच्या दाबानंच फुगून बसतं. रिॲक्टरच्या ओ-रिंगला (झाकणाखालच्या गोल रबराला) तशी मदत नाही. तिला स्वच्छ खाच आणि चहूकडून सारखं बसलेलं झाकण लागतं. म्हणजे शांतपणे बंद करणारा माणूस लागतो, आणि तिथंच सगळं अडतं.

मीही त्यातलाच. दोन वर्षांमागं मे महिन्यात साळ्याच्या लग्नाला निघायचं होतं. गाडी दारात, हॉर्नवर हॉर्न. जीएफओ बदलायचे दिवस भरले होते. धुतलं, भरलं, झाकण फिरवलं, निघालो. रिॲक्टर तेव्हा संपच्या (मुख्य टाकीखालच्या छोट्या टाकीच्या) बाहेर टांगलेला होता. ओ-रिंगवर एक दाणा राहिला, मोहरीएवढाही नसेल. तिथून सेकंदाला दोन थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरा, तासाला 360 मिली झाले. पाणी कमी झालं की आपोआप भरणारी यंत्रणा लावलेली. ती बिचारी इमानदारीनं आरओचं गोडं पाणी ओतत राहिली. खारं बाहेर, गोडं आत, पातळी जागच्या जागी. अडीच दिवसांत 20 लिटरचा जार रिकामा. परत आल्यावर मोजलं, तर 150 लिटर पाण्याची घनता 1.026 वरून 1.023 वर आलेली, म्हणजे खारटपणा उतरलेला.

आई घरीच होती. तिनं पाहिलंही होतं. म्हणाली, "भितीच्या बुडाले लोणा फुटला वाटते, म्हनलं तू आला का सांगू." खारपाणपट्ट्यातल्या घरात भिंतीच्या बुडाशी पांढरं फुटलं तर ती काही बातमी नसते. कॅबिनेटचं प्लाय भाकरीसारखं फुगलं होतं. एक्स्टेंशन बोर्ड खाली जमिनीवरच पडलेला, आतल्या पितळी पट्ट्या हिरव्यागार. कुणाचा हात लागला नाही, हे नशीब. आता बोर्ड भिंतीवर उंच आहे, वायरीला खाली झोल ठेवलाय म्हणजे ओघळ बोर्डात न जाता तिथूनच टपकतो, आणि त्या लाइनवर 30 मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) आहे.

गळणारच नाही असा रिॲक्टर शोधणं मी तेव्हापासून सोडलं. गळला तरी संपमध्येच गळेल, असा घेतो. म्हणून विकत घेण्याआधी टेप घेऊन संपची उंची मोजा. वर झाकण काढायला आणि आतली नळी उपसायलाही जागा लागते, हे लोकांना पार्सल फोडल्यावर आठवतं. ओ-रिंग खाचेत बसणारी हवी, झाकण वरच्या बाजूला हवं, आणि जादाची ओ-रिंग मिळत नसेल तर तो रिॲक्टर कितीही स्वस्त असो, मी घेत नाही. बंद करताना माझी सवय अशी: कान साफ करायच्या काडीनं खाच पुसायची, ओ-रिंगवरून बोट फिरवायचं, सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट लावायचं. पेट्रोलियम जेली नको, काही रबरं तिनं फुगतात.

दुसरी चूक व्हॉल्व्हची. प्रवाह कमी करायला लोक बाहेर जाणाऱ्या नळीवर कॉक लावतात. मग पंपाचा सगळा जोर नळीच्या आत अडतो आणि झाकणावर बसतो. कॉक आत येणाऱ्या बाजूला लावा. जीएफओचा वरचा थर उकळी येण्याआधीच्या दुधासारखा हलकेच हलला की पुरे. कूलरचा पंप लावून तो चहासारखा उसळवणारेही भेटलेत. दाण्यांचा भुगा होतो, आणि बऱ्याच कूलर पंपांचा लोखंडी दांडा मिठात गंजतो तो वेगळाच.

बाकीचं थोडक्यात. नळीला स्टीलची क्लिप नको, गंजते, प्लास्टिकची घ्या. झाकण पान्यानं आवळू नका, ॲक्रिलिकला चीर जाते. स्पिरिटनं पुसू नका, तेच होतं. ओ-रिंग असलेल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्याला मी काहीच बोलत नाही, हात जोडतो.

नवा रिॲक्टर आणला की सरळ टाकीला जोडायचा नाही. बादलीत पंप टाका, रिॲक्टर कोरड्या वर्तमानपत्रावर उभा करा आणि 24 तास चालवा. आपल्याकडे लाइन जाते-येते, म्हणून मधे पाच-सहा वेळा बटण बंद-चालू करा. बरेचदा पहिला थेंब लाइन आल्यावरच दिसतो. एवढा दम नसेल तर गप्पी पाळा.

आता विचाराल, चाचणीला बोअरचं पाणी चालेल का? चालेल, नंतर गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. आणि टाकीत? "आपलं बोअर खारंच आहे, मिठाचे पैसे वाचतील," असं मला तिघांनी विचारून झालंय. भाऊ, त्या पाण्यानं हरभरा जळतो.