माळरानावर कार्बन शेती करताय? आधी या चुका टाळा

हवेतला कार्बन झाडांत-मातीत साठवला की त्याचं विकता येणारं प्रमाणपत्र मिळतं, तेच कार्बन क्रेडिट. त्याचे एजंट हल्ली गायरानं आणि माळ शोधत फिरतात. 'जमीन पडीक आहे, झाडं लावू, पैसे येतील,' एवढंच त्यांचं म्हणणं. पण सोलापूर, अहिल्यानगर, बारामतीकडचा माळ मुळात गवताळ. पाचसहाशे मिलिमीटर पाऊस आणि मुरमावर वीतभर माती, तिथे दाट जंगल उभं राहणार कसं? गवताचा कार्बन मुळांवाटे जमिनीत साठतो आणि वणवा लागला तरी बराचसा तिथेच राहतो. हे लक्षात न घेता झाडं मोजायला बसलं की घोटाळा सुरू.

थेट जेसीबी आणणं

खड्डे-चर खणताना पवन्या, मारवेलची जुनी ठोंबं उपटली जातात आणि उघड्या मातीतला कार्बन हवेत जातो. वर गिरिपुष्प लावलं की फोटो हिरवागार येतो, पण त्याच्या सावलीत ही उन्हाची गवतं टिकत नाहीत. त्यापेक्षा पहिल्या पावसानंतर माळ पायी फिरा. ठोंबांना हिरवे कोंब दिसले तर तिथे राखण पुरे. माती अगदीच उघडी असेल तिथेच स्थानिक गवताचं बी शेणमातीत कालवून टाका. बोर, हिवर, खैर यांच्या जुन्या बुंध्यांना फुटवे येतातच. त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे छाटा. वेडी बाभूळ मात्र वरून तोडू नका, दुप्पट फुटेल. जमिनीखाली खणून तिचा मूळखोडाचा गड्डाच काढावा लागतो.

सरसकट चराईबंदी

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे अडतात. हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण विळ्याने गवत कापून न्यायची मुभा ठेवली. नक्कल करणारे नेमकं हे दुसरं विसरतात. कुंपण घातलं की कळप रात्री घुसतात, नाहीतर शेजारच्या गावच्या माळावर जातात. तिथे झालेलं नुकसान कार्बनच्या हिशोबात तुमच्या खात्यातून वजा होतं. शिवाय वर्षानुवर्षं न चरलेलं, न कापलेलं गवत ठोंबावरच वाळतं, नवे कोंब गुदमरतात आणि उन्हाळ्यात एक विडी पुरते.

माळाचे तीन-चार भाग पाडा. दरवर्षी एक भाग पावसाळाभर, बी झडेपर्यंत बंद ठेवा, कापणी त्यानंतर. पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्या भागाची. हे ठरवताना धनगर कुटुंबं बैठकीला हवीतच, म्हणून बैठक पावसाळ्यात घ्या. दिवाळीनंतर घेतलीत तर ती माणसं कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागलेली असतात, आणि मग ठराव होतो तो न चारणाऱ्यांचा.

सगळीकडे कुसळीच माजली? बहुधा तो भाग लवकर उघडला गेलाय किंवा वारंवार जाळला गेलाय. पुढचा हंगाम त्याला विश्रांती द्या आणि कुसळं पक्की होण्याआधी कुसळी कापून घ्या. कोवळी असताना मेंढ्या ती खातात, नंतर तीच तोंडात आणि लोकरीत रुतते.

पावसाचं श्रेय लाटणं

चांगल्या पावसाने आपोआप झालेली वाढ प्रकल्पाची म्हणून दाखवायची, ही पुढची चूक. ऑस्ट्रेलियात चराऊ जमिनींवर स्थानिक झाडोरा पुन्हा वाढवण्याच्या योजनेत हेच घडल्याचा आरोप आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 182 प्रकल्पांच्या अभ्यासात, प्रकल्पातला झाडोरा बराचसा लगतच्या, प्रकल्पाबाहेरच्या जमिनीसारखाच वर-खाली झाल्याचं दिसलं. तिथे यावर अजून वाद चालू आहे. आपण यातून एवढं घ्यावं: काम सुरू करण्याआधी शेजारचा नेहमीसारखा चरला जाणारा एक तुकडा तुलनेला धरा. दोन्हीकडे दगड रोवून दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच दिशेने फोटो घ्या.

मातीचा नमुना 30 सेंटिमीटरपर्यंतचा घेतात. तेवढी माती नसेल तर जितकी आहे तितकी खोली लिहा. नुसती सेंद्रिय कर्बाची, म्हणजे मातीतल्या कार्बनची, टक्केवारी पुरत नाही. मातीची घनता आणि खड्यांचं प्रमाणही मोजायला सांगा, नाहीतर मुरमाड जमिनीत आकडा फुगतो. आणखी एक गोंधळ: क्रेडिट मिळतं ते 1 टन कार्बन डायऑक्साइडमागे, आणि 1 टन कर्ब म्हणजे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड. एजंट कोणत्या टनाबद्दल बोलतोय ते विचारा.

सही आधी, सातबारा नंतर

गायरान ही सरकारी जमीन. नुसत्या सरपंचाच्या सहीवर ती कंपनीला देता येत नाही. आधी सातबारा काढा, ग्रामसभेत विषय घ्या, तहसील कार्यालयात विचारा. खासगी माळ असेल तर करार मराठीत करून मागा. त्यात तीन गोष्टी शोधा: मुदत किती वर्षांची, दुष्काळात किंवा वणव्यात घट झाली तर भरपाई कोणी करायची, आणि जनावरं माळावर नेण्याचा हक्क लेखी शिल्लक राहतो का.