गाडी उडवून पळाली, नंबर मिळाला नाही : तहसीलीतून भरपाई कशी मिळवायची

धडक देणारी गाडी सापडली नाही म्हणजे आता काहीच मिळणार नाही, असं समजून कितीतरी घरं गप्प बसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम लागू आहे. त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजारच होते.

गंभीर म्हणजे हाड मोडणं, दात पडणं, डोळा किंवा कान कायमचा जाणं, किंवा पंधरा दिवस असह्य वेदना असणं वा नेहमीची कामं न जमणं. नुसतं खरचटणं त्यात बसत नाही. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यावर कोणतं हाड मोडलं ते स्पष्ट लिहून घ्या.

सगळं प्रकरण पोलीस ठाण्यातल्या कागदावर उभं राहतं. घरचे लोक जखमीला घेऊन नागपूरला धावतात, आणि इकडे फिर्याद राहूनच जाते किंवा 'मोटारसायकल घसरून पडला' एवढंच लिहिलं जातं. मग अनोळखी वाहनाचा उल्लेखच नसतो आणि पुढे अर्ज अडतो. फिर्यादीत 'अज्ञात वाहन धडक देऊन पळून गेले' हे शब्द, वेळ, रस्ता, गावाचं नाव आणि गाडी कोणत्या दिशेने गेली, एवढं आलंच पाहिजे. सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या. प्रत फुकट मिळते. जखमी नागपुरात दगावला तर मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, तिथल्या ठाण्यात दाखल होतो आणि कागद नंतर अपघाताच्या ठाण्याकडे येतात. ते पोचले का, याची विचारपूस स्वतः करा.

पंचनाम्याच्या वेळी घरचं कोणीतरी हजर राहा. रात्री कापूस नेणाऱ्या बंडीला (बैलगाडीला) मागून ठोकलं असेल तर रस्त्यावर हेडलाइटच्या काचा, बंपरचा तुकडा, बंडीच्या लाकडाला लागलेला रंग सापडतो. तो जप्त झाला आणि पंचनाम्यात आला, याची खात्री करा. टोलनाका, पेट्रोल पंप, जिनिंग यांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते ताब्यात घ्यावं असा अर्ज त्याच आठवड्यात ठाणेदारांना द्या आणि पोच घ्या. गाडी सापडली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो आणि तिथली रक्कम २ लाखांपेक्षा पुष्कळ मोठी असू शकते. त्या दाव्याला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.

महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी लेखी कळवायची आणि अपघाताचा अहवाल दावा चौकशी अधिकाऱ्याकडे (भरपाईचा अर्ज तपासणारा तालुक्याचा किंवा उपविभागाचा अधिकारी) पाठवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १२ जानेवारी २०२४ चा आदेश आहे. पत्र आलं नसेल तर आदेशाची तारीख लिहून ठाण्यात अर्ज द्या. 'अ समरी होऊ द्या, मग या', म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही म्हणून तपास बंद होऊ द्या, असं कोणी म्हटलं तरी थांबू नका.

अर्ज द्यायचा तो अपघात जिथे झाला त्या तालुक्यात, तुम्ही राहता तिथे नाही. राहणार हिंगणघाटचे आणि अपघात पांढरकवड्याजवळ, तर काम केळापूर तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे पांढरकवड्यालाच. तिथल्या तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात दावा चौकशी अधिकारी कोण, ते विचारा. नमुना १ चा अर्ज आणि नमुना ४ चं हमीपत्र द्या. सोबत फिर्यादीची प्रत, पी.एम. (शवविच्छेदन) अहवाल व मृत्यू दाखला किंवा जखमेचा दाखला, दवाखान्याची बिलं, अपघातग्रस्त आणि अर्जदार या दोघांचे ओळख व पत्त्याचे पुरावे आणि अर्जदाराचं पासबुक. एक पूर्ण संच स्वतःकडे ठेवा, त्यावर आवक नंबर आणि शिक्का हवा.

अडतं ते बहुतेक नावात आणि खात्यात. पी.एम. अहवालावर घरचं हाकेचं नाव आणि आधारवर दुसरंच, असं असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आधीच जोडा. केवायसी न झालेल्या छोट्या जनधन खात्यात वर्षाला एक लाखाच्या वर रक्कम जमा होत नाही. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करून घ्या.

चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची आणि पुढच्या पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने (विमा कंपन्यांची संस्था) पैसे खात्यात टाकायचे, असा क्रम आहे. उशीर झाला तर आवक नंबर घेऊन थेट जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. नंतर गाडी सापडून न्यायाधिकरणाची भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागते. हमीपत्र त्यासाठीच असतं.

गेलेला माणूस कास्तकार किंवा कास्तकाराच्या घरातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे २ लाख वेगळे आहेत. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. त्यामुळे तेरवीच्या धावपळीतही हा कागद आधी हातावेगळा करा.