ऊतीदाता वेळीच ओळखण्यासाठी वॉर्डाने करावयाची तयारी

सांगली-मिरजेच्या रुग्णालयांत मेंदूमृत रुग्ण अतिदक्षता विभागात असला की अवयवदानाची आठवण सर्वांना होते. परंतु हृदय बंद पडून झालेल्या साध्या मृत्यूनंतरही कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा), त्वचा, हाडे आणि हृदयाच्या झडपा या ऊती देता येतात, हे मेडिसिन वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरच्या ध्यानात त्या घाईत राहत नाही. म्हणून मृत्यू घोषित केल्यावर भरायच्या कागदातच ‘नेत्रपेढीला किती वाजता कळवले’ असा रकाना छापून घ्यावा आणि तो भरल्याखेरीज मृतदेह शवागाराकडे पाठवू नये, असा लेखी आदेश अधीक्षकांनी काढावा.

सर्वाधिक हानी होते ती डॉक्टरांनी मनातल्या मनात दाता बाद केल्यामुळे. वय झालेले होते, मधुमेह होता, चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, यांपैकी एकही कारण नेत्रदानाच्या आड येत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग आणि रक्ताचा कर्करोग ही दाता खरोखर बाद ठरवणारी कारणे मात्र सिस्टरांच्या टेबलासमोर ठळक लिहून लावावीत. शंका असल्यास निर्णय पेढीने घ्यावा. वॉर्डाने कळवायचे, निवड करायची नाही.

नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते, आणि जत-आटपाडीकडच्या कुटुंबात ज्यांच्या शब्दावर निर्णय होतो ते थोरले बहुधा गावीच असतात. त्यांचा फोन नंबर रुग्ण दाखल होतानाच केसपेपरवर घ्यावा. दानाचा विषय मात्र मृत्यू सांगून झाल्यावर, नातेवाइकांना थोडे सावरू देऊन, शक्यतो समाजसेवा अधीक्षकांनी किंवा समुपदेशकांनी काढावा. नातेवाइकांच्या संमतीचे कायदेशीर अर्ज (नमुना ८) मराठीतून छापून टेबलाच्या खणात ठेवावेत. तोवर सिस्टरांनी मृताच्या पापण्या नीट मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा, कारण वाऱ्याने कॉर्निया सुकतो.

महामार्गावरील अपघातात दगावलेल्या तरुणाचे प्रकरण पोलिसांकडे गेले की डॉक्टर विषय तिथेच सोडून देतात. वास्तविक शवविच्छेदनाला बाधा येणार नसेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या अनुमतीने १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दान होऊ शकते. त्यासाठी पोलीस ठाणे आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांच्याशी कार्यपद्धती आधीच ठरवून ठेवावी. ऐन वेळी मध्यरात्री हे जमत नाही.

इंटर्न बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात हे सारे वॉर्डात प्रत्यक्ष दाखवावे. विभागप्रमुखांनी दर महिन्याला मृत्यूची नोंदवही आणि पेढीला केलेले फोन ताडून पाहावेत, आणि विचारणा किती दानांची झाली याची न करता, किती मृत्यू कळवायचे राहिले व का राहिले याची करावी.