डीपीवर तूट दिसली की लगेच धाड? वीजचोरी शोधताना या चुका टाळा

स्मार्ट मीटर बसले की चोर आपोआप सापडतील, हा समज आधी काढून टाका. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज कुणाच्याच मीटरमधून जात नाही, मग त्या मीटरला कळणार कसं? ती चोरी दिसते डीपीच्या, म्हणजे वाडीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, मीटरवर. तिथून गेलेले युनिट वजा त्या डीपीवरच्या सगळ्या ग्राहकांची बेरीज, ही तूट. लांबच लांब लाइनवर तारा तापून जाणारी वीजही त्यातच असते.

कुठलं घर कुठल्या डीपीवर, हे न बघणं

माझं डोकं सर्वात जास्त फिरतं ते इथे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने दापोली, मंडणगडकडे पोल आडवे केले. लाईट लवकर यावी म्हणून जमेल त्या डीपीवरून वाड्या जोडल्या गेल्या, आणि ते योग्यच होतं. नोंदी मात्र जुन्याच राहिल्या. पुढे किनाऱ्यावरच्या अशाच एका वाडीत भरमसाट तूट दिसली आणि एका उतावळ्या पोराने थेट पथक बोलावलं. घरोघर मीटर तपासले, म्हातारीकोतारी घाबरली, हाती शून्य. शेजारच्या डीपीचा हिशेब काढला तर तिथे पुरवठ्यापेक्षा विक्री जास्त! अर्धी वाडी कागदावर एका डीपीवर, पोलवर दुसऱ्या. शेजारी अशी उणे तूट दिसली की आधी नोंदी तपासायच्या, चोर नंतर.

पावसात डीपीचा फ्यूज उडतोच. मी त्या मिनिटाला एकदम बंद पडलेल्या मीटरांची यादी काढतो; ती घरं त्याच डीपीवरची. अख्खा फीडर, म्हणजे अनेक डीपींना वीज पुरवणारी मोठी लाइन, गेला असेल तर ती यादी कुचकामी. उरलेली शंका वायरमनला बरोबर घेऊन, लाइनखालून चालत जाऊन मिटवायची. चिखल लागतो, लागू दे.

कमी वापर म्हणजे चोरी

कोकणात? अहो, घरं वर्षभर कुलपात असतात. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात. त्यात सण तिथीने सरकतात: 2024 ला गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला. सप्टेंबरशी सप्टेंबर ताडून बघितला की बंद घरवाला संशयित ठरतो.

बाकीच्या, थोडक्यात

डीपीच्या मीटरला सीटीचा (मोजण्यासाठी करंट कमी करून देणाऱ्या उपकरणाचा) गुणक, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा, चुकीचा भरला तर तूटही खोटी. नवीन माणूस हे कधीच तपासत नाही.

डीपी आणि ग्राहकाच्या मीटरचं घड्याळ जुळत नसेल तर तासागणिक तुलना करू नका.

फेज आणि न्यूट्रलचा करंट जुळत नाही, म्हणजे चोरीच असं नाही. दोन भावांच्या घरांत न्यूट्रल एकत्र झालेला असतो.

मीटरला चुंबक लावल्याची किंवा त्याचं झाकण उघडल्याची नोंद आली तर त्याच वेळेचा वापर बघा. तो घसरलेला नसेल तर घाई नको.

आकडे वारंवार पडणाऱ्या ठिकाणी रोज धाडी घालण्यापेक्षा उघड्या तारा काढून एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या एकत्र पिळलेल्या तारा, ओढा.

आणि घरगुती जोडणीवर कुणी टपरी चालवत असेल तर ते सहसा वीज कायद्याच्या कलम 126 चं, अनधिकृत वापराचं प्रकरण. त्याला सरसकट 135, म्हणजे वीजचोरीचं कलम, लावू नका. चोरी असेलच तर पंचनामा आणि फोटो जागेवर, वायर काढण्याआधी.