लांबलेली भरती: या चुका टाळा

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरची जागा रिकामी झाली की पहिला आठवडा नुसती धावपळ. बायोडेटा मागवले जातात, चार-पाच जण येऊन भेटून जातात. मग प्लँट हेड ऑडिटमध्ये अडकतात, शेठ मुंबईला जातात, मध्येच नवरात्र येते. दिवाळीनंतर पसंतीच्या मुलाला फोन करावा तर तो केव्हाच जवळच्या सावली गावातल्या दुसऱ्या कंपनीत रुजू झालेला असतो. ऑफिसात मात्र चर्चा रंगते ती ‘हल्लीच्या पोरांना धीरच नाही’ याची.

धीर कमी आहे हे मान्य केलं तरी भरती लांबली कशामुळे, हा प्रश्न उरतोच.

चूक पहिली: दिवस मोजायचे, काम मोजायचं नाही

‘भरतीला दीड महिना लागला’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. दीड महिना तपासण्यात गेला असेल तर ठीक. फाइल पडून राहण्यात गेला असेल तर तो फुकट. निदान सोपं आहे. एका कागदावर तारखा लिहा: बायोडेटा कधी आला, पहिली भेट कधी झाली, दुसरी कधी, निर्णय कधी, पत्र कधी. मग दोन तारखांमधल्या प्रत्येक अंतरासमोर लिहा की या दिवसांत उमेदवाराबद्दल आपल्याला नवीन काय कळलं. बऱ्याच ठिकाणी तिथे रेघच ओढावी लागते.

जिथे काही लिहिता येतं, तिथे लांबी खुशाल ठेवा. नंदेसरीच्या केमिकल प्लँटला शिफ्ट इनचार्ज हवा असेल तर जुन्या ठिकाणी चौकशी, वैद्यकीय तपासणी, सेफ्टीवर सविस्तर प्रश्न, हे सगळं व्हायलाच हवं. पैशाचे व्यवहार हाताळणाऱ्या अकाउंट्सच्या माणसाचंही तेच. उमेदवारालाही याचा फायदा होतो. ज्याला रात्रपाळी करायची आहे त्याने प्लँट एकदा रात्री बघितलेला बरा. कंपनीची बस मांजलपूरहून सुटते की कारेलीबागेतूनही, हेसुद्धा जॉइनिंगच्या आधी कळलेलं बरं. पहिल्याच महिन्यात सोडून जाणाऱ्यांची कारणं कित्येकदा इतकीच साधी असतात.

चूक दुसरी: फेऱ्या वाढवल्या की निवड पक्की होते, हा समज

पहिल्या फेरीत ‘स्वतःबद्दल सांगा’, दुसरीत ‘स्वतःबद्दल सांगा’, आणि शेठसमोर पुन्हा तेच. तीन माणसांनी एकच प्रश्न विचारला तर ती एकच मुलाखत झाली. गूगलने स्वतःच्या भरतीचा हिशेब तपासला तेव्हा चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो असं दिसलं. त्यापुढच्या प्रत्येक मुलाखतीने खात्री जेमतेम एक टक्का वाढत होती. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा फेरहिशेब मांडला. त्यात पहिल्या नंबरावर आली ती सगळ्यांना ठरवून तेच प्रश्न विचारणारी, उत्तरांना गुण देणारी मुलाखत. गप्पांच्या ओघात ‘माणूस बरा वाटला’ हा निकाल त्याहून कमी भरवशाचा.

म्हणून विषय वाटून घ्या. तांत्रिक बाजू प्लँट हेडनी बघावी, पगार आणि नोटीस पिरियड एचआरने. पगार शेवटच्या फेरीपर्यंत झाकून ठेवू नका. तिथेच फिसकटणार असेल तर पहिल्या फोनवरच फिसकटू द्या.

आणि काम करून घ्या. क्वालिटीच्या माणसाला एक टर्निंग केलेला जॉब (लेथवर घडवलेला भाग), त्याचं ड्रॉइंग आणि मापं घ्यायला व्हर्नियर द्या. तपासून रिपोर्ट लिही म्हणा. मोजण्याआधी तो व्हर्नियरचा झिरो बघतो का? कडेला बर (धातूची खरखर) असेल तर जॉब पुसून घेतो का? टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) जेमतेम बाहेर गेलेलं माप ‘चालेल’ म्हणून सोडतो, की लाल पेनने गोल करतो? अर्ध्या तासात जे दिसतं ते तीन फेऱ्यांच्या गोड बोलण्यात दिसत नाही. घरी न्यायला आठवडाभराची असाइनमेंट देणं मात्र बंद करा. चालू नोकरीतला चांगला माणूस ती करत बसत नाही, आणि फुकटात काम करून घेतलं असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

चूक तिसरी: सगळ्यांना एकच चाळणी

यूपीएससीची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत मिळून वर्षभर चालते, कारण तिथे अर्ज लाखांनी येतात. साठ माणसांच्या कारखान्याने तो थाट करण्यात अर्थ नाही. खुद्द केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या.

बडोद्यात राहून अरविंद घोषांची आठवण येणं साहजिक आहे. आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सनदी नोकरीच्या, लेखी परीक्षेत ते उत्तम पास झाले. शेवटच्या घोडेस्वारीच्या परीक्षेला गेले नाहीत म्हणून १८९२ साली बाद ठरले. त्याच सुमारास लंडनमध्ये सयाजीराव महाराजांशी त्यांची भेट झाली आणि १८९३ च्या फेब्रुवारीत ते दरमहा २०० रुपयांवर संस्थानच्या नोकरीत रुजूही झाले. (घोडा त्यांनी मुद्दामच टाळला होता, तो भाग वेगळा.) आपल्या भरतीतही अशा घोडेस्वाऱ्या असतात: मशीनवरच्या माणसाला इंग्रजीत निबंध, स्टोअरकीपरला गणिताची कोडी. कामाशी संबंध नसलेली पायरी सरळ काढून टाका.

चूक चौथी: पत्र दिलं की झालं

ऑफर लेटर दिल्यावर खरी लांब वाट सुरू होते. साठ किंवा नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये जुनी कंपनी पगार वाढवून देते, नवे फोन येत राहतात, आणि तुमच्याकडून मात्र जॉइनिंगच्या आदल्या दिवशी एक मेसेज. दर आठवड्याला एक फोन करा. ज्याच्या हाताखाली तो काम करणार त्यानेच केला तर उत्तम. निर्णय लांबणार असेल तर तेही सांगा. ‘प्रोसेस चालू आहे’ म्हणजे नकार, हे आता सगळ्यांना कळतं.

उलट टोकाला जाऊन दोन दिवसांत माणूस घेणारेही आहेत. त्यांना एवढंच: चौकशीचा फोन गाळू नका, आणि प्रोबेशनमध्ये महिन्याच्या महिन्याला बसून बोला. सहा महिने संपताना अचानक ‘जमत नाही’ असं सांगू नका. नव्या डिप्लोमावाल्यांसाठी अप्रेंटिसशिपचं वर्ष हातात असतं. तपासायला तेवढा वेळ पुरतो, आणि त्या मुलाला स्टायपेंडही मिळतो.

उमेदवारांसाठी

‘काका, हो म्हणालेत, राजीनामा देऊ का?’ असं आमच्या दांडिया बाजारातली मुलं विचारतात. हातात पत्र येईपर्यंत नाही. पत्रात पगार, पद आणि जॉइनिंगची तारीख वाचल्याशिवायही नाही. तोवर बाकीच्या मुलाखती चालू ठेवा. त्यात बेइमानी काही नाही, समोरची कंपनीही इतरांना भेटतेच आहे. दुसऱ्या फेरीनंतर नम्रपणे दोन गोष्टी विचारून घ्या: यापुढे कोण भेटणार, आणि शेवटचा निर्णय कोणाचा? एचआरला हेही सांगता आलं नाही, तर हालोलच्या दुसऱ्या कंपनीतल्या मुलाखतीची तारीख पुढे ढकलू नका.