पहाटे निघण्याआधी हवेचा हिशेब: बिग बोअर एअर रायफलची तयारी

टेक्सासमध्ये २०१८ पासून हरणाच्या शिकारीला एअर रायफल, म्हणजे टाकीत दाबून भरलेल्या हवेने गोळी सोडणारी रायफल, चालते, पण अटी आहेत. कॅलिबर, म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, किमान .३० इंच हवं. शिवाय किमान १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी सेकंदाला ८०० फुटांच्या वेगाने तरी सुटली पाहिजे, नाहीतर नळीच्या तोंडाशी निदान २१५ फूट-पाउंड ऊर्जा असली पाहिजे. या अटी पहिल्या गोळीला लागू आहेत तशाच चौथीलाही. काडतुसात प्रत्येक गोळीची दारू वेगळी मोजून भरलेली असते. आपल्या एअर रायफलीत सगळ्या गोळ्या एकाच टाकीतली हवा वाटून घेतात, आणि मागच्या गोळीला कमी पडलं तर जनावर जखमी होऊन झाडीत निघून जातं. म्हणून तयारीला हवेपासूनच लागायचं.

सगळ्यात आधी, आपल्या रायफलीच्या एका भरणात खऱ्या कामाच्या गोळ्या किती, ते शोधून काढा. कंपनीच्या पत्रकातला आकडा बाजूला ठेवा. शिकारीला नेणार तीच गोळी घ्या, टाकी ठरलेल्या दाबापर्यंत भरा, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मांडा आणि एकेक गोळी झाडत वेग आणि गेजवरचा दाब वहीत लिहीत जा. रेग्युलेटर (प्रत्येक गोळीला एकाच दाबाची हवा देणारा भाग) नसलेल्या रायफलीत बहुधा पहिली गोळी सगळ्यात वेगवान निघते आणि पुढच्या उतरत जातात. काही रायफलींत मात्र उलटं दिसतं: दाब जास्त झाला की हातोडीला व्हॉल्व्ह पुरेसा उघडता येत नाही, पहिली गोळी मंद सुटते आणि दुसरी-तिसरी वेग पकडते. अशी रायफल मुद्दाम थोडी कमी भरावी, हवाही वाचते आणि गोळ्याही एकसारख्या जातात. रेग्युलेटरवाल्या रायफलीत ही चढउतार नसते, पण टाकीचा दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेला की वेग झपाट्याने पडतो. उमारेक्स हॅमर .५० घ्या: टाकी ४५०० पीएसआयची (दाबाचं माप), रेग्युलेटर ३००० चा, आणि पूर्ण ताकदीच्या गोळ्या तीन. चौथी सुटेल, पण ती मोजायची नाही.

वेगातला फरक कागदावर किरकोळ वाटतो. ८०० फुटांनी निघालेली जड गोळी पाच टक्के मंद झाली, तर १०० यार्डांवर ती जवळपास तीन इंच खाली बसते. तेव्हा ज्या अंतरावर झाडणार त्याच अंतरावर कागद लावून बघा, आणि कागदावरच्या छिद्रांचा गट जिथे खाली सरकायला लागतो तिथे रेघ मारा. त्या रेघेच्या वर जेवढ्या गोळ्या, तेवढाच आपला आकडा. तो चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावून टाका.

आता रायफल पुन्हा भरायला सोबत न्यायच्या मोठ्या टाकीचं गणित. समजा रायफलीची टाकी ४९० घनसेंटिमीटरची आहे, २०० बारला (बार हेही दाबाचंच माप) भरली आणि पाच गोळ्यांत १४० वर आली. सोबत ६.८ लिटरची कार्बन फायबरची टाकी आहे, ३१० बारची. साध्या गुणाकाराने ३१० पासून २०० पर्यंतची हवा पंचवीसेक भरणांना पुरायला हवी. प्रत्यक्षात वीस-एकवीसच धरा, कारण ३०० बारच्या आसपास हवा साध्या नियमाने दबत नाही, टाकीत हिशेबापेक्षा कमीच मावते. आणि मोठी टाकी २०० च्या खाली गेली की त्यात हवा भरपूर असूनही आपली रायफल पूर्ण भरत नाही. टाकीत उरलेली सगळीच हवा आपल्या उपयोगाची नसते. सरावाला हवा वापरणार असाल तर ती वेगळी मोजा, नाहीतर शिकारीच्या दिवसासाठी उरते ती तळाचीच.

मोठ्या टाकीवरची तारीख वाचा. कार्बन फायबरच्या टाकीची दर ५ वर्षांनी हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) लागते आणि बहुतेकींचं आयुष्य १५ वर्षांचं असतं. तारीख उलटली असेल तर दुकानदार भरून देणार नाही, आणि त्याचंच बरोबर आहे. पाणबुड्यांच्या बऱ्याच दुकानांत ३००० पीएसआयच्या पुढे भरत नाहीत, तेव्हा फोन करूनच जा. घरी कॉम्प्रेसर असेल तर ओलावा शोषणारा फिल्टर बदललाय का ते बघा, नाहीतर पाणी थेट रायफलीत जातं आणि आतून गंज धरतो. ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कडीला) सिलिकॉनचंच ग्रीस लावायचं. खनिज तेलाचा थेंबही उच्च दाबाच्या हवेत पेटू शकतो. ऑक्सिजन तर कधीच भरायचा नाही, मग सिलिंडर कितीही सहज मिळो.

रायफल आदल्या संध्याकाळी भरा, आणि सावकाश भरा. भरताना हवा तापते. काटा २०० वर दिसला तरी टाकी निवल्यावर तो खाली येतो, म्हणून तासाभराने पुन्हा बघून वरचं भरून घ्या. जोडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडा फुगून सुटला की समजा, रात्रभर तिथूनच हवा जाणार. ३५ अंशांच्या गॅरेजमध्ये २०० बारला भरलेली रायफल पहाटे ५ अंशांत १८० च्या आसपास दाखवते. ही गळती नव्हे, थंडीने दाब उतरलाय. पण गोळीला मिळणार आहेत ते १८०च, तेव्हा थंडीच्या दिवसांत त्या दाबावर गोळी कुठे बसते तेही वहीत हवं.

पिशवीत भरायची नळी, फॉस्टर जोड (नळी रायफलीला लावायचा), दोन-चार जादा ओ-रिंग, ग्रीसची ट्यूब आणि वही. हातपंप आणू नका. .१७७ ला तो ठीक आहे, इथे दोन गोळ्यांची हवा भरता भरता हात थरथरतील आणि त्याच हातांनी नेम धरावा लागेल. सुट्टीत ही रायफल भारतात न्यायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडा: तिथे .१७७ पेक्षा मोठं बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असली की परवाना लागतो.

गाडीत टाकी आडवी ठेवून पट्ट्याने बांधा, व्हॉल्व्हवर मार बसता कामा नये. मचाणावर चढताना रायफलीत हवा भरलेली पण गोळी नळीत नाही, आणि टाकी खाली गाडीतच. पहिली गोळी गेली की वहीतला आकडा आठवा. चांगल्या गोळ्या तीन असतील तर दोन झाल्यावर उतरून भरून घ्या, तिसरी जखमी जनावरासाठी राखलेली असते. भरून झालं की आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद, मग ब्लीड स्क्रू सैल करून नळीतली हवा सोडा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच जोड काढा. घरी आल्यावर रायफल पूर्ण रिकामी करू नका. थोडा दाब ठेवला की व्हॉल्व्ह घट्ट बसून राहतो आणि आत धूळ, ओलावा जात नाही.