गच्चीवरची सौर वीज महावितरणच्या तारेला जोडताना : सोलापूरच्या घरांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवणे आता नवलाईचे राहिलेले नाही. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतल्या कोणत्याही उंच इमारतीवरून पाहिले तरी आजूबाजूच्या गच्च्यांवर निळी-काळी पॅनेल दिसतात. मात्र चौकशीला निघालेला माणूस बहुधा पॅनेलची कंपनी आणि किलोवॉटचा भाव एवढेच विचारतो आणि घरात तयार झालेली वीज महावितरणच्या जाळ्यात कशी जाणार, हा भाग सर्वस्वी एजन्सीवर सोपवून मोकळा होतो. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरले जाते. तेवढा काळ यंत्रणा बिनतक्रार चालेल की नाही, हे प्रामुख्याने इन्व्हर्टरपासून (पॅनेलची डीसी वीज घरगुती एसी विजेत बदलणाऱ्या यंत्रापासून) मीटर पेटीपर्यंतच्या वायरीत, अर्थिंगमध्ये आणि अर्जातल्या नावात ठरते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात भर त्या जोडणीवर आहे.

सुरुवात गच्चीच्या मोजमापाने करण्याऐवजी वीजबिलाने करावी. मागील बारा महिन्यांच्या युनिटची नोंद समोर घ्यावी आणि उन्हाळ्यातले व हिवाळ्यातले आकडे वेगवेगळे पाहावेत. साधारण १ किलोवॉट क्षमतेची यंत्रणा आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज देते आणि तिला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. घरगुती विजेचा दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा अशा टप्प्यांनी चढत जातो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जाळ्यातून घेतलेल्या युनिटमधून जाळ्यात पाठवलेली युनिट वजा करण्याच्या पद्धतीत, बिल वजाबाकीनंतर उरलेल्या युनिटवर निघत असल्यामुळे सौर वीज आधी सर्वांत महाग टप्पा कापते. महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या घराने २ किलोवॉट बसवले तर सुमारे २४० युनिट कमी होऊन ११० उरतात. महाग युनिट जवळजवळ सगळे संपलेले असतात. तिसरा किलोवॉट घेतल्यास बिलातली युनिट शून्याजवळ येतात हे खरे, परंतु तो प्रामुख्याने सर्वांत स्वस्त युनिटची जागा घेतो. पुढच्या वर्षी एसी घ्यायचा असेल किंवा विजेवरची दुचाकी घरी चार्ज करायची असेल, तर ३ किलोवॉट योग्यच; अन्यथा हा हिशेब करूनच आकडा ठरवावा. स्थिर आकार कोणत्याही परिस्थितीत भरावाच लागतो, हेही लक्षात ठेवावे.

क्षमता ठरवताना आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे आर्थिक वर्ष. एका महिन्यात जास्तीची ठरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ही साखळी ३१ मार्चला तुटते. त्या दिवशी शिल्लक असलेली युनिट महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या नियमांनुसार ठरलेल्या दराने वितरण कंपनी विकत घेते आणि खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. सोलापुरात डिसेंबर ते मार्च आकाश स्वच्छ असते, पॅनेल मे महिन्याच्या मानाने थंड असल्यामुळे चांगले काम करतात आणि घरातला वापर कमी असतो. त्यामुळे शिल्लक नेमकी याच महिन्यांत साठते, आणि कूलर-एसी सुरू होण्याच्या तोंडावर तिचा हिशेब मिटवला जातो. हिवाळ्याची वीज एप्रिल-मेमध्ये वापरता येईल, या भरवशावर मोठी यंत्रणा घेणे म्हणूनच फायद्याचे ठरत नाही.

पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान मिळते. तीन किलोवॉटपेक्षा मोठी यंत्रणा बसवली तरी एका घराला अनुदान तेवढेच. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये आहेत. अनुदान हवे असेल तर सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. कोटेशनमध्ये तसा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा, कारण स्वस्त भाव सांगताना ही अट बोलण्यात बाजूला राहते. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा असून त्यासाठी बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, चालू बिल, मोबाइल आणि बँक खात्याचा तपशील लागतो. एजन्सी पोर्टलवरील नोंदणीकृत यादीतूनच निवडावी. पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी स्वतःच्या ताब्यात ठेवावा.

अर्ज भरण्यापूर्वी वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे, ते पाहणे अत्यंत आवश्यक आहे. शहरातल्या जुन्या पेठांमध्ये आणि भावाभावांत वाटणी झालेल्या घरांमध्ये मीटर आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर, घरपट्टी तिसऱ्याच्या नावावर आणि बँक खाते चौथ्याचे, अशी स्थिती सर्रास आढळते. अनुदान ग्राहकाच्या नावाच्या खात्यात येते, कर्जही त्याच नावावर मिळते, आणि नेट मीटरच्या करारावर सहीही त्यालाच करावी लागते. म्हणून आधी महावितरणच्या उपविभाग कार्यालयात नावबदल करून घ्यावा, थकबाकी असल्यास ती भरावी, आणि मगच पोर्टल उघडावे. एकाच गच्चीवर अनेकांचा हक्क असेल तर सर्वांची लेखी संमती घेऊन ठेवणे पुढील वाद टाळते.

केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांमध्ये २०२४ साली झालेली दुरुस्ती सामान्य घरांच्या बाजूची आहे आणि ती प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. त्यानुसार १० किलोवॉटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाशिवाय मंजूर झाला, असे मानले जाते. मंजूर भार (जोडणीला मंजूर असलेले कमाल किलोवॉट) अपुरा असेल तर तो त्या प्रमाणात वाढवण्याचे काम वितरण कंपनीनेच करायचे असते. ५ किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी जाळ्यात काही बळकटीकरण लागल्यास त्याचा खर्चही कंपनीचा असतो. यंत्रणा उभी करून पूर्णत्वाचा दाखला दिल्यानंतर करार, मीटर आणि प्रत्यक्ष जोडणी यांसाठी १५ दिवसांची मुदत आहे. कार्यालयात बोलताना हे नियम ठाऊक असलेल्या ग्राहकाचे काम पुढे सरकते.

आता गच्चीकडे वळू. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंशांच्या उतारावर बसवावेत. सावलीची पाहणी मात्र डिसेंबरच्या सूर्याचा विचार करून करावी. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे भरदुपारी सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावल्या पायाशी राहतात; त्या काळात गच्ची पाहणाऱ्याला सगळीकडे ऊनच दिसते. डिसेंबरच्या शेवटी सकाळी नऊच्या सुमारास पाण्याच्या पाच फूट उंच टाकीची सावली आठ फुटांहून लांब पडते. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे आपल्या गच्च्यांवर टाक्या एकापेक्षा अधिक असतात, शिवाय जिन्याची खोली असते. पॅनेल एकमेकांना साखळीने जोडलेले असल्याने एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीही संपूर्ण रांगेचे उत्पादन खाली खेचू शकते. टाकी दोन-चार हजारांत हलवता येते, उभारलेला सांगाडा हलवणे महागात पडते. जुन्या माळवदाच्या घरावर सांगाड्याचे वजन आणि वळवाच्या वाऱ्याचा ताण मातीच्या छतावर टाकू नये. भिंतींवरून स्वतंत्र आधार घेणे शक्य असेल आणि अभियंत्याने तसे लिहून दिले, तरच पुढे जावे.

यानंतरचा टप्पा इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतच्या वायरीचा आहे आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच ठिकाणी होते. घर वीज वापरते तेव्हा वायरीत व्होल्टेज पडते, हे बहुतेकांना ठाऊक असते. घर वीज बाहेर पाठवते तेव्हा तेच उलटे होते, म्हणजे इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज चढते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मानकांनुसार व्होल्टेज ठरावीक मूल्याच्या ८० ते ११० टक्क्यांबाहेर गेल्यास इन्व्हर्टरने दोन सेकंदांत स्वतःला जाळ्यापासून तोडायचे असते. २३० व्होल्टसाठी ही वरची मर्यादा २५३ येते. समजा, दुपारी डीपीजवळ (परिसराच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) राहणाऱ्या घराच्या मीटरवर २४६ व्होल्ट आहेत, इन्व्हर्टर गच्चीवर आहे, आणि तिथून मीटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वळणे घेत ४० मीटर जाते. ५ किलोवॉटच्या यंत्रणेतून सुमारे २२ अँपियर वाहतात तेव्हा या वायरीवर जवळजवळ ८ व्होल्ट चढतात आणि इन्व्हर्टरला २५४ दिसतात. परिणामी ऐन उन्हात यंत्रणा बंद पडते, थोड्या वेळाने सुरू होते, पुन्हा बंद पडते, आणि मालकाला पॅनेल खराब असल्याचा संशय येतो. त्याच अंतरावर १० चौरस मिलिमीटरची वायर घातली तर चढ ३ व्होल्टच्या आसपास राहते. वायरीतला फरक काही हजारांचा असतो, पण तो कामाच्या आधीच करावा लागतो. भिंतीतली नळी एकदा बंद झाली की कोणी ती पुन्हा उघडत नाही. एवढे करूनही इन्व्हर्टर तुटत असेल, तर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मीटर पेटीतील व्होल्टेज मोजून घ्यावे आणि तो आकडा जास्त असल्यास डीपीवरील टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) बदलण्याची लेखी मागणी उपविभागाकडे करावी.

अर्थिंगच्या बाबतीत सोलापूरची जमीन अवघड आहे. काळ्या मातीचा थर अनेक ठिकाणी उथळ असून खाली बेसॉल्टचा खडक लागतो, आणि मे महिन्यात वरची माती भेगा पडेपर्यंत सुकते. अशा जागी साधा रॉड ठोकून जुलैमध्ये घेतलेले मोजमाप उन्हाळ्यात टिकत नाही. पॅनेल व सांगाड्याच्या डीसी बाजूसाठी, इन्व्हर्टरच्या एसी (घरगुती विजेच्या) बाजूसाठी आणि वीजरोधकासाठी (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्यासाठी) असे तीन वेगळे अर्थिंग घ्यावेत. खड्ड्यांत बेंटोनाइटसारखे ओल धरणारे मिश्रण भरावे, वर झाकणाचे चेंबर ठेवावे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे. अर्थ टेस्टर लावून प्रतिकार ५ ओहमच्या आत असल्याचे आपल्यासमोर मोजून दाखवायला सांगावे आणि तो आकडा अहवालात लिहून घ्यावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागतात, तेव्हा घरातला टीव्ही, फ्रिज आणि इन्व्हर्टर या तीन खड्ड्यांच्याच भरवशावर असतात.

मुख्य पुरवठा खंडित झाल्यावर जाळ्याला जोडलेली साधी सौर यंत्रणा भर उन्हातही बंद पडते, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे. हा दोष नाही. खांबावर चढलेला लाइनमन तार मृत आहे, या विश्वासाने काम करत असतो. त्या वेळी एखाद्या गच्चीवरून वीज उलटी येत राहिली तर त्याचा जीव जाईल. भारनियमनाच्या काळातही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, व त्यांचा खर्च वेगळा असतो. घरात जनरेटर किंवा जुना बॅटरी-इन्व्हर्टर असल्यास त्याची जोडणी सौर यंत्रणेशी समोरासमोर येणार नाही, याची खात्री परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी.

यंत्रणा सुरू करण्याच्या दिवशी स्वतः हजर राहावे. मुख्य स्विच खाली करून इन्व्हर्टरचे उत्पादन दोन सेकंदांत शून्यावर येते का, ते पाहावे. स्विच वर केल्यानंतर त्याने किमान एक मिनिट थांबून, व्होल्टेज स्थिर असल्याची खात्री करूनच पुन्हा जोडले जावे. नव्या मीटरवरील आयात आणि निर्यात, दोन्ही वाचनांचा त्या दिवशीच फोटो काढावा.

पहिले बिल आल्यावर निर्यातीचा आकडा उत्पादनापेक्षा कमी दिसतो आणि बरेच जण घाबरतात. समजा, महिन्यात पॅनेलांनी ३६० युनिट तयार केली. त्यांतली १४० दिवसा घरातच वापरली गेली, तर मीटरमधून बाहेर गेली फक्त २२०. रात्री जाळ्यातून २१० घेतली. घराचा एकूण वापर १४० अधिक २१० म्हणजे ३५० झाला, आणि बिलात २१० मधून २२० वजा होऊन १० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा राहिली. हा ताळा इन्व्हर्टरच्या ॲपवरील उत्पादन आणि मीटरची दोन वाचने यांवरून दर महिन्याला पाच मिनिटांत घालता येतो. पहिले सहा महिने तरी तो घालावाच, कारण निर्यातीची नोंद बिलात न येणे किंवा मागील शिल्लक गळणे अशा चुका त्यातच पकडल्या जातात.

देखभाल फारशी नसते. पण बोअरचे क्षारयुक्त पाणी पॅनेलवर उन्हात वाळू देऊ नये, नाहीतर पांढरा थर धरतो आणि तो पुढे घासूनही निघत नाही. नळाचे पाणी वापरून पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, मऊ फडक्याने पुसावे.

बिलातील चूक किंवा मीटर बसवण्यातील विलंब यांसाठी १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. तेवढ्याने न भागल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालांकडे जाता येते. मंचापुढे वकील लागत नाही. अर्ज, करार, वाचनांचे फोटो आणि अर्थिंगचा अहवाल एका फाइलमध्ये लावलेले असले, की बाजू मांडता येते.